आपल्या हातून

आवाज मोठा नव्हता. सायकलच्या चाकातली हवा कुणी खोडी म्हणून सोडून द्यावी तसा, बारीक आणि चिवट. प्रेमिलाने सुरी मागे ओढली तर तो वाढला. तिने घाईघाईने त्या जागी बोट दाबून धरलं. इतकं गार लागलं की पोळल्यासारखं झालं, आणि बोटाच्या कडेकडेने ते येतच राहिलं. बर्फाच्या भिंतीत सुरीचं टोक जिथे शिरलं होतं तिथून पांढरी वाफ तिच्या मनगटावर आली, किंचित तेलकट वास आला. मग आवाज आपोआप बारीक होत गेला आणि एका क्षणी तो खरंच येतोय की नुसता कानात उरलाय, हे तिला कळेना. बाहेरच्या खोलीत कुलर घरघरत होता. "गेलं," ती म्हणाली. स्वयंपाकघरात ऐकायला कुणी नव्हतं, आणि कुणी नाही याचं तिला बरं वाटलं. आधी हे बरं वाटलं, वाईट नंतर वाटलं. हा क्रम तिच्या लक्षात राहिला.

फ्रीजरला सुरी लावायची नाही, हे या घरात सगळ्यांना सांगणारी तीच. नुसतं घरात नाही, खालच्या मजल्यावरच्या बाईला, भिशीतल्या बायकांना, फोनवर लेकीलाही. बर्फ खरडू नका, आत बारीक नळ्या असतात, गॅस जाईल. तिची स्वतःची पद्धत ठरलेली होती: सकाळी बटण बंद करायचं, दार सताड उघडं टाकायचं, फ्रीजरमध्ये गरम पाण्याचं पातेलं ठेवायचं, खाली जुनी चादर अंथरायची आणि आपल्या कामाला लागायचं. बर्फ आपला आपण सुटतो. नागपुरातल्या मे महिन्यात तर त्याला कुणाची मदतही लागत नाही. पण सासूबाईंनी, जिजाबाईंनी, सकाळपासून सोलेभात लावून धरला होता. सोले म्हणजे तुरीचे हिरवे दाणे, थंडीत सोलून पिशवीत भरून ठेवलेले. जिजाबाईंना अलीकडे महिना कळत नसे. बाहेर रस्त्याचं डांबर पायाला चिकटत होतं आणि त्या विचारत होत्या, "सोल्याचे दिवस हायेत, अन् तू वरनभात काहून करून राहिली?" पिशवी फ्रीजरमध्ये होती खरी, पण मागच्या भिंतीला बर्फात घट्ट बसलेली. सकाळी प्रेमिला न्हाणीतून बाहेर आली तर जिजाबाई फ्रीजसमोर उभ्या, एक हात दारावर टेकून, दुसऱ्या हाताने उलथन्याचा दांडा बर्फावर ठोकत. प्रेमिला ओरडली. नेहमीपेक्षा जास्त ओरडली. उलथनं काढून घेतलं, त्यांना हाताला धरून गॅलरीतल्या खुर्चीवर नेऊन बसवलं, फ्रीजचं बटण बंद करून खाली चादर अंथरली आणि नवऱ्याला फोन लावला. जितेंद्र कळमन्याच्या बाजारात फळांच्या अडतीवर कामाला होता. फोनमध्ये त्याच्या आधी बोलीचा गलका ऐकू आला. "तुमच्या आईनं आज फ्रीज फोडलाच असता," ती म्हणाली होती. आणि दुपारी, त्याच पिशवीसाठी, एकदाची कटकट मिटावी म्हणून, तिने कांद्याची सुरी उचलली.

जिजाबाई दारात केव्हा येऊन उभ्या राहिल्या ते तिला कळलं नाही. त्यांची पावलं वाजत नसत. लुगड्याचा पदर त्यांनी दाराच्या चौकटीला धरावं तसा मुठीत धरला होता. "कायचा आवाज झाला वं?" त्यांनी विचारलं. प्रेमिला म्हणाली, "फ्रीज गेला, आई." त्यांनी विचारलं, "कसा काय गेला?" आणि प्रेमिला म्हणाली, "सुरी लागली. आपल्या हातून."

आपल्या. हा शब्द तिने शोधून काढला नव्हता. घरात बोलायची रीतच तशी होती. भाजी खारट झाली की आपल्या हातून मीठ जास्त पडलं, कुणाच्या बारशाला जायचं राहिलं की आपल्याकडून राहून गेलं. माझ्या म्हटलं की मान खाली घालावी लागते, तुझ्या म्हटलं की भांडण होतं. आपल्या म्हटलं की मामला मिटतो. त्यात मी बसते, तुम्ही बसता, आपण दोघी बसतो. जिजाबाईंनी तो शब्द ऐकला आणि त्यातलं त्यांच्या वाट्याचं उचललं. उघड्या फ्रीजकडे पाहिलं, ओट्यावरच्या सुरीकडे पाहिलं, मग आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरून पाहिला. "माह्या हातून झालं का वं?" त्या म्हणाल्या. नाही म्हणायची जागा इथे होती. "नाही आई, माझ्या हातून," एवढंच. ते म्हणायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ होता. प्रेमिला खाली वाकली आणि चादरीचा कोपरा पिळायला लागली. बादलीत पाणी पडल्याचा आवाज झाला, तो तिने लक्ष देऊन ऐकला. वरून जिजाबाई म्हणाल्या, "मंगाशी मी ठोकून राहिली होती न. तू नको म्हनत होती." प्रेमिला म्हणाली, "तुम्ही जाऊन बसा, इथं ओलं आहे. पाय घसरंल." त्या गेल्या.

म्हणजे ती खोटं बोलली नव्हती. हे तिने स्वतःला पुष्कळ वेळ सांगून पाहिलं. वाक्यं एकेक करून तपासली आणि एकही खोटं निघालं नाही, ओलं होतं आणि पायही घसरला असता. तरी तिचं समाधान होईना. साधी गोष्ट असती तर ती खुशाल उठून बाहेर गेली असती आणि म्हणाली असती, अहो आई, माझाच वेंधळेपणा. पण महिन्यापूर्वी जिजाबाई दूध गॅसवर ठेवून गॅलरीत जाऊन बसल्या होत्या आणि धूर समोरच्या बिल्डिंगीतल्यांनी पाहिला होता. त्या संध्याकाळी जितेंद्र जेवता जेवता म्हणाला, "आता अजून एक काही झालं ना, त मी तिले दादाकडं नेऊन सोडतो. तू एकटी कुठवर पाहशील?" दादा म्हणजे रुपराव, थोरला भाऊ. नरखेडकडच्या गावात त्याची मोसंबीची बाग, घर तिथेच बागेत. तो आणि जाऊबाई सकाळी कामाला लागले की दिवस मावळेपर्यंत घरात माणूस नाही, आणि अंगणात उघडी विहीर. बाहेरून कडी घालून जावं लागेल, असं जाऊबाईने फोनवर आधीच सांगितलं होतं. वाईट बाई नव्हती ती, जे आहे ते सांगितलं. जिजाबाईंनी हे सगळं ऐकलं होतं. सकाळी जेवले की नाही हे त्या विसरत, पण हे विसरल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी प्रेमिला त्यांच्या डोक्याला तेल लावत होती तेव्हा मागे न बघता म्हणाल्या, "मले कोंडून नको ठेवजो वं माय. इथंच राहू दे." आणि प्रेमिला म्हणाली होती, "तुम्हाले कुठी नाही पाठवत. मी आहे ना." अगदी मनापासून म्हणाली होती. तेव्हा तिला स्वतःबद्दल फार बरं वाटलं होतं, आणि आता त्या बरं वाटण्याचीच शरम वाटली.

फ्रीज जिजाबाईंचाच होता. सासरे, बापूजी, होते तेव्हा गावी घेतलेला, गल्लीतला पहिला. उन्हाळ्यात पोरं वाट्या घेऊन दारात उभी राहायची. कुणाच्या घरी ताप, कुणाकडे पाहुणे, कुणाला नुसताच चोखायला हवा. जिजाबाईंनी बर्फाला कुणाला नाही म्हटलं नाही, उलट ट्रे रिकामा झाला की ज्याला मिळाला नाही त्याला संध्याकाळी ये म्हणून सांगायच्या. नवी नवरी म्हणून गेलेल्या प्रेमिलाला त्या दाराशी उभं राहून बर्फ वाटायला मिळाला होता, आणि आपण मोठ्या घरात पडलो असं तिला वाटलं होतं. बापूजी गेले, जिजाबाई नागपुरात नंदनवन वस्तीत धाकट्याकडे आल्या, आणि मागून मेटॅडोरमध्ये गोधडीत गुंडाळलेला फ्रीज आला. प्रेमिलाचा आधीचा तेव्हा नेमका बिघडला होता, म्हणून सध्या हा लावू म्हटलं. ते सध्या काही संपलं नाही. लेक मिनल लग्न होऊन अमरावतीला गेली तरी हा इथेच, दाराचं रबर सैल, बर्फ सोडायचं लाल बटण केव्हाच तुटलेलं, वर स्टॅबिलायझर. प्रेमिला दुकानात जाऊन दोन दारांचा पाहून आली होती; त्यात बर्फ धरतच नाही म्हणे. जितेंद्र म्हणायचा, आई आहे तोवर राहू दे, तिले वाईट वाटंल. आई आहे तोवर. या तीन शब्दांपाशी प्रेमिला पुष्कळदा थांबली होती. भांडी घासताना, गॅलरीतल्या त्या खुर्चीच्या पाठीकडे बघताना. थांबायची आणि चटकन दुसरं काही आठवायची.

मग खरं विचारायचं ते हे की सुरी घसरली की तिने घसरू दिली? तिने हात आठवून पाहिला. पहिले घाव हलके होते, कडेकडेने, शहाण्या बाईचे. बर्फाचे तुकडे चादरीवर पडले, पिशवीचं टोक दिसलं. तेवढ्यात गॅलरीतून हाक आली, "झाला का वं सोलेभात?" आणि त्यापुढचे घाव आठवत नव्हते. हात आठवत नव्हता, राग आठवत होता. तो राग बर्फावर होता, की हाकेवर, की इतक्या वर्षांत दुपारची एक डुलकी सलग न मिळाल्याचा होता, हे तिला वेगळं करता येईना. कुणी आपला न्याय करायला बसलं तर आपण सुटू, असं तिला वाटलं. चूक कुणाच्याही हातून होते. पण चूक झाल्यावर ती खाली वाकून चादर पिळत राहिली होती, ते चुकून झालं नव्हतं. ते दुसऱ्याच कुणाच्यातरी हातचं असावं असं तिला फार वाटत होतं.

बर्फाचा मोठा तुकडा आपणहून सुटला आणि खालच्या ट्रेमध्ये आदळला तेव्हा ती दचकली. पिशवी मोकळी झाली होती. थोडा धीर धरला असता तर, एवढंच ते होतं. तिने सोले काढले, पाण्यात टाकले, कांदा चिरला; त्याच सुरीने चिरला, दुसरी धार असलेली घरात नव्हती. भात टाकताना तिने ठरवलं, ताट द्यायला जाऊ तेव्हा सांगू. ताट घेऊन गेली, वरून कच्चं तेल सोडलं, जिजाबाईंना असंच आवडे. त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले. "माह्या मायच्या हातचा असा राहे," त्या म्हणाल्या. प्रेमिलाने वाट पाहिली की त्या फ्रीजचं विसरल्या असतील. त्या विसरतातच. विसरल्या असतील तर सांगायचीही गरज नाही, गोष्ट तिथेच मिटली, जितेंद्रला ती आपलं आपण काय ते सांगेल. जिजाबाईंनी अर्धा भात खाल्ला आणि हात ताटातच ठेवून म्हणाल्या, "जितूले काय सांगू वं मी? मले धाडंल तो." प्रेमिला म्हणाली, "आधी जेवा." तिचा आवाज इतका मऊ होता की तिला स्वतःलाच तो ओळखू येईना. उष्टं ताट विसळताना तिने नळ मोठा सोडला.

जितेंद्र आला तेव्हा अजून उजेड होता. त्याने चपला काढल्या, पाणी मागितलं, आणि माठाचं पाणी बघून विचारलं, "फ्रीज चालू नाही केला का?" प्रेमिला तोंड उघडणार एवढ्यात जिजाबाई गॅलरीतून उठून आल्या. भिंतीला धरत, शाळेतल्या पोरीसारख्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. "जितू, माह्या हातून फ्रीज फुटला गा," त्या म्हणाल्या. "बर्फात सोले अडकले होते. म्या सुरी घेतली अन् जोरानं हानली. फुस्स आवाज आला. मंग म्या बोट दाबून धरलं, त बोट असं पोळलं." त्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट वर करून दाखवलं. बोटाचं प्रेमिलाने कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे जिजाबाई आवाज ऐकून दारात आल्या नव्हत्या, हाक मारून लगेच उठून आल्या होत्या, आधीपासून तिथे होत्या. त्यांनी सुरी पाहिली, बोट पाहिलं, वाफ पाहिली, सगळं नीट पाहिलं आणि नीट लक्षात ठेवलं. फक्त हात कुणाचा, तेवढी एक जागा त्यांच्या मनात मोकळी होती, आणि ती प्रेमिलाने भरली होती.

"त्यांनी नाही," प्रेमिला म्हणाली. "मी केलं. सुरी माझ्या हातात होती."

जितेंद्रने तिच्याकडे पाहिलं. दिवसभराच्या धुळीने त्याच्या भुवया पांढुरक्या झाल्या होत्या. ओरडेल असं तिला वाटलं, ओरडावं असं वाटलं. पण त्याचा चेहरा सैल पडला, आणि लग्नानंतर पहिल्या काही वर्षांत तो जसा तिच्याकडे बघायचा तसा तो बघायला लागला. "राहू दे वं," तो म्हणाला. "तू काहून आपल्यावर घेऊन राहिली? सकाळी तूच फोन केला होता ना मले."

"सकाळी उलथनं होतं. दुपारी मी..."

"तू? अख्ख्या नंदनवनाले सांगत फिरते, सुरी लावू नका म्हणून." तो थकलेला, तरी हसला. "मले समजत नाही का?"

"तिले बोलू नको गा," जिजाबाई म्हणाल्या. "मले वाचवून राहिली ते. लय जीव लावते मले." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. प्रेमिलाच्या बोटाचं टोक पांढरं पडलं होतं, त्यावर पाण्याचा फोड धरत होता, आणि तिला तो प्रत्येक ठोक्याला जाणवत होता. हे बोट पुढे केलं असतं की झालं असतं. दिव्याखाली धरायचं आणि म्हणायचं, हे बघा. तिने मूठ मिटली. आपण खरं सांगितलं, दोनदा सांगितलं, त्यांनी नाही ऐकलं तर आपण काय करणार, असं तिच्या आत कुणीतरी फार शांतपणे म्हणत होतं. आणि तिला हेही कळत होतं की तिने सांगितलं ते वाचवणाऱ्या माणसाच्या आवाजात सांगितलं होतं, हळू, थोडं अडखळत, कुणी खोटं समजावं अशा बेताने. जितेंद्रने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि रुपरावला फोन लावायला गॅलरीत गेला.

त्यानंतरच्या दिवसांत जिजाबाई दिवेलागणीला सकाळ समजत, मिनलला तिच्या आत्याच्या नावाने हाक मारत, पण फ्रीजची गोष्ट त्यांच्या तोंडून एकदाही चुकली नाही. खालच्या मजल्यावरची बाई आली, तिला सांगितली. मिनलचा व्हिडिओ कॉल आला, तिला सांगितली. सुरी, आवाज, बोट. दर वेळी थोडी भर पडायची. हाकेचं आलं, कांद्याच्या वासाचं आलं, मग एकदा, "मले राग आलता वं, कायचा ते मालूम नाही," असंही म्हणाल्या. प्रेमिला तिथून उठून गेली. मेकॅनिकने फोनवरच सांगितलं की इतक्या जुन्या मशीनच्या मागे लागू नका, आणि जितेंद्र म्हणाला, होऊन जाऊ दे आता तुझा दोन दारांचा. आई जाणार हे त्याने आईला सांगितलं तेव्हा प्रेमिला घरात होती. तिला वाटलं, त्या रडतील, म्हणतील नको, आणि मग ती मध्ये पडेल, बोट दाखवेल, फोड अजून होता. पण जिजाबाईंनी मान हलवली. "बरोबर हाय तुह्यं," त्या म्हणाल्या. "मी आता घर जाळीन एखाद दिवशी." आपल्यावर विश्वास ठेवता येत नाही, हे त्यांना पटलं होतं. प्रेमिलाने त्यांची लुगडी घडी करून पिशवीत भरली, औषधाच्या पट्ट्या वेगळ्या बांधल्या, तेलाची बाटली वर ठेवली. सगळं इतकं नीट केलं की जितेंद्र पुन्हा तसाच तिच्याकडे बघत राहिला, आणि ती रात्री त्याच्याकडे पाठ करून झोपली.

रुपराव रविवारी आला. गाडी खाली उभी होती, तो पिशवी घेऊन पुढे उतरला. जितेंद्र आईचा हात धरून दारात थांबला. जिजाबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं, कपाळाला बुक्का लावला होता. उंबऱ्यावर पाय ठेवून त्या मागे फिरल्या, जितेंद्रच्या हातातून हात सोडवून घेतला, आणि प्रेमिलासमोर दोन्ही हात जोडले. सासूने सुनेला हात जोडायचे नसतात. जितेंद्र म्हणाला, "आई, हे काय करून राहिली?" पण त्यांनी ऐकलं नाही. "तुह्यं मोठं नुकसान केलं वं मी," त्या म्हणाल्या. "तू तरी मले एका शब्दानं बोलली नाही. माफ करजो माय. तू म्हन एकडाव, मले जीवाले बरं वाटंल."

प्रेमिलाने जितेंद्रकडे पाहिलं, मग त्या जोडलेल्या हातांकडे. खालून रुपरावने हॉर्न दिला. आता सांगितलं तर कोण ऐकेल, आणि ऐकलं तर ही पिशवी पुन्हा उघडावी लागेल, लुगडी परत कपाटात, खुर्ची परत गॅलरीत, उद्या दुपारी परत ती हाक. हे सगळं तिच्या मनात एकदम आलं, आणि आलं ते तिला स्वच्छ दिसलं, या वेळी ते हातातून घसरलं नव्हतं.

"असू द्या, आई," ती म्हणाली. "केलं माफ."

जिजाबाईंचा चेहरा खरोखर मोकळा झाला. त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली, आणि जितेंद्रला धरून एक एक पायरी उतरायला लागल्या.